सहीचे ओझे

3 मार्च 1868 रोजी तीन बंगाली तरुण कलकत्त्याहून विलायतेस निघाले. रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त हे दोघे घरच्यांच्या नकळत बाहेर पडले होते. तिसरे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, त्यांना मात्र वडिलांचे पाठबळ होते. तिघांचेही ध्येय एकच: सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा. तोवर सत्येंद्रनाथ ठाकूर या एकाच हिंदी माणसाला ती साधली होती. 1869 च्या परीक्षेत हे तिघेही उत्तीर्ण झाले. रमेशचंद्रांचा क्रमांक तिसरा होता. (त्याच वर्षीचे चौथे यशस्वी हिंदी उमेदवार, मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर, आज महाराष्ट्रातही फारसे कोणाला आठवत नाहीत.)

रमेशचंद्रांना सरकारी अंमल घरात पाहून ठाऊक होता. वडील ईशानचंद्र डेप्युटी कलेक्टर होते आणि 1861 मध्ये नावेच्या अपघातात त्यांचा अंत झाला होता. परंतु अंमल पाहणे वेगळे आणि तो स्वतः गाजवणे वेगळे. 1871 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते अलीपूर येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. परीक्षेनंतर विलायतेत उमेदवारीची 2 वर्षे कायदा, हिंदी भाषा आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासात गेली होती. खुर्चीवर बसल्यावर जे शिकावयाचे असते, ते या अभ्यासक्रमात अर्थातच नव्हते.

कनिष्ठ मॅजिस्ट्रेटचे अधिकार कागदावर तोकडे दिसत. 1872 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सर्वांत खालच्या श्रेणीला एक महिन्याची कैद आणि 50 रुपये दंड एवढीच मर्यादा घालून दिली होती. तथापि ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याच्या दृष्टीने एक महिना म्हणजे घराची चूल विझणे होय. त्यातून जिल्ह्याची घडण अशी की सारा वसूल करणारा, पोलिसांवर देखरेख ठेवणारा आणि आरोपीचा न्याय करणारा वरिष्ठ एकच. नवशिका अधिकारी त्याच्याच हाताखाली तयार होणार आणि बढतीसाठी त्याच्याच तोंडाकडे पाहणार.

या घडणीत एक सही किती महाग पडते, हे सोबत्याच्याच उदाहरणावरून दिसले. सुरेंद्रनाथांची नेमणूक सिल्हेटला झाली होती. नाव चोरल्याच्या एका किरकोळ खटल्यात आरोपी फरारी नसताना त्याचे नाव फरारींच्या यादीत चढले आणि त्या कागदावर सुरेंद्रनाथांची सही निघाली. कारकुनाने पुढे केलेल्या गठ्ठ्यात न वाचता सही केली, असा त्यांचा बचाव होता. चौकशी होऊन 1874 मध्ये ते नोकरीतून बडतर्फ झाले. गोऱ्या अधिकाऱ्यास एवढ्याच चुकीसाठी एवढी शिक्षा झाली नसती, हे म्हणणे बहुधा खरे आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. त्या एका शब्दाने एक निरपराध माणूस वॉरंटाचा धनी झाला असता. राष्ट्राला पुढे मोठा नेता मिळाला, म्हणून त्या अनाम आरोपीचा प्रश्न सुटत नाही.

त्याच 1874 मध्ये रमेशचंद्र नदिया जिल्ह्यातील मेहेरपूर येथे दुष्काळ निवारणाच्या कामावर होते. बंगाल-बिहारमधील त्या दुष्काळात सरकारने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, हात सैल सोडून खर्च केला, आणि मृत्यू फार थोडे झाले. सर रिचर्ड टेंपल या कामाचे प्रमुख होते. उधळपट्टीचा ठपका मात्र त्यांच्यावर आला, आणि 1877 मध्ये दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलसाहेबांनी मजुरांची रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातील कामांवरच्या मजुरांनी तिच्याविरुद्ध संप केला. अधिकारी तोच, दुष्काळही तसाच. बदलला तो फक्त वरून आलेला इशारा. दुष्काळी कामावरील कनिष्ठ अधिकाऱ्याची सही भाकरी देते किंवा नाकारते, आणि ती यापैकी काय करील हे पुष्कळदा त्याच्या हाती नसते.

रमेशचंद्रांनी यावर शोधलेला मार्ग लेखणीचा होता. बंगालच्या रयतेवर मासिकात टोपणनावाने लिहिलेले त्यांचे लेख 1874 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. 1793 च्या कायमधाऱ्याने जमीनदाराचा सरकारशी करार पक्का झाला, पण रयतेचा जमीनदाराशी झाला नाही. तोही कायम करावा, अशी त्यांची मागणी होती. 1873 मध्ये पाबना जिल्ह्यातील कुळे वाढत्या खंडाविरुद्ध उठली होती, त्यामुळे हे विवेचन अनेकांना झोंबले. ज्या सुशिक्षित वर्गातून ते आले होते, त्यातील पुष्कळ घरे खंडावरच चालत. सव्वीस वर्षांच्या नोकरदाराने आपल्याच माणसांच्या ताटाकडे बोट दाखवावे, हे साधे धाडस नव्हे.

1876 मध्ये चक्रीवादळ आणि समुद्राच्या लाटेने बाकरगंजचा किनारा धुऊन नेला, मागोमाग पटकी आली. उद्ध्वस्त दक्षिण शाहबाजपूर बेटावर त्यांना धाडण्यात आले. 1883 मध्ये त्याच बाकरगंज जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे आला. जिल्हा हाती येणारे ते पहिले हिंदी अधिकारी. योगायोग असा की, हिंदी मॅजिस्ट्रेटने मुफस्सल भागात गोऱ्या आरोपीचा न्याय करावा की नाही, यावर त्याच वर्षी इल्बर्ट बिलाचे रण माजले होते, आणि त्याचे मूळ बिहारीलाल गुप्तांनीच सरकारला लिहिलेल्या टिपणात होते.

1897 मध्ये निवृत्त झाल्यावर रमेशचंद्रांचा रोख बदलला. 1900 मधील कर्झनसाहेबांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रांत, मुंबई इलाख्यासह सर्वत्र, त्यांनी सरकारी साऱ्यालाच दोषी धरले. बंगालचा कायमधारा आता त्यांना आदर्श वाटू लागला होता. तरुणपणी ज्याच्या उणिवा त्यांनी स्वतः मोजल्या, त्याची ही भलावण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला खटकल्याशिवाय राहत नाही.

एका मुद्द्यावर मात्र त्यांची मते ठाम राहिली. पकडणारा आणि शिक्षा देणारा एकच असू नये, यासाठी 1893 मध्ये, नोकरीत असतानाच, त्यांनी तपशीलवार योजना मांडली. खर्च वाढेल आणि जिल्हाधिकाऱ्याचा दरारा ओसरेल, अशी भीती सरकारी गोटात होती. 1904 मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्यास महसूलमंत्री नेमले. ज्या हाताने साऱ्यावर टीका लिहिली, त्याच हाताला आता सारा वसूल करावयाचा होता. त्या संस्थानात न्यायखाते आणि अंमलबजावणी यांची फारकत प्रत्यक्षात आली. 1909 मध्ये ते तेथे दिवाण झाले आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला बडोद्यातच वारले. स्वतंत्र भारतात काही राज्यांनी आधी पावले टाकली. देशाच्या फौजदारी संहितेत ही फारकत 1 एप्रिल 1974 पासून आली.