डॉ. व्हर्जिनिया ॲपगार : बाळाचं पहिलं मिनिट

आपल्या मंडळात कुणाकडे बाळ झालं की पेढ्यांबरोबर दोन आकडे हमखास कळतात. वजन किती भरलं आणि ॲपगार किती आला! नऊ म्हटलं की आजीचा चेहरा खुलतो. आठ म्हटलं की तिला लगेच काळजी, एक मार्क कुठे गेला? लेबर अँड डिलिव्हरीत नर्स म्हणून माझी पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे ही शंका फिरून फिरून माझ्याकडेच येते. पहिल्या मिनिटाला बहुतेक बाळांचे हातपाय निळसरच असतात, तिथे एक मार्क जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी समजावते. पण ॲपगार हे एका बाईंचं आडनाव आहे, आणि त्या आपल्या न्यू जर्सीतल्याच, हे ऐकून भलेभले चकित होतात. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकासाठी त्यांच्याविषयीच लिहायचं ठरवलं.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म 7 जून 1909 रोजी वेस्टफील्डला झाला. वडील इन्शुरन्समध्ये, पण घरी रेडिओ आणि यंत्रं यांचा भारी नाद. एक भाऊ क्षयाने लहानपणीच गेला. 1929 साली माउंट होलिओक कॉलेजातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कला कोलंबियाच्या मेडिकल कॉलेजात गेल्या आणि 1933 मध्ये वर्गात चौथ्या आल्या. त्यांना व्हायचं होतं सर्जन. हात उत्तम होता. पण मंदीचे दिवस, त्यात बाईमाणूस, पेशंट कुठून मिळणार, असा विचार करून त्यांचे प्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना भूल देण्याचं शास्त्र शिकायला सुचवलं.

आता आम्हा नर्सेसना आवडणारी गोष्ट. त्या काळी अमेरिकेत भूल देण्याचं काम मुख्यतः नर्सेसच करत. म्हणून ही डॉक्टरीण आधी नर्सेसच्याच ट्रेनिंगमध्ये बसली! पुढे विस्कॉन्सिनला आणि बेलव्ह्यू हॉस्पिटलात शिकून 1938 मध्ये त्या कोलंबियात भूल विभागाच्या प्रमुख झाल्या. 1949 मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजातल्या पहिल्या महिला फुल प्रोफेसर झाल्या आणि बाळंतिणींच्या भुलेकडे वळल्या.

तेव्हा प्रसूतीच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष आईकडे असे. बाळ मोठ्याने रडलं तर ठीक. निळं पडलेलं, श्वास न घेणारं बाळ पुष्कळदा मृत समजून बाजूला ठेवलं जाई. त्यातली काही थोड्या मदतीने जगली असती, पण त्यांच्याकडे नीट पाहायचं कुणी आणि कधी, हे ठरलेलंच नव्हतं.

एकदा हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात एका विद्यार्थ्याने बाईंना विचारलं, नवजात बाळ तपासायचं तरी कसं? बाईंनी हाताशी आलेल्या कागदावर तिथल्या तिथे पाच मुद्दे लिहिले : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. जन्मानंतर बरोबर एका मिनिटाने मोजायचे. हे काम त्यांनी 1952 मध्ये डॉक्टरांच्या सभेत मांडलं आणि 1953 मध्ये छापलं. पाचव्या मिनिटाची मोजणी नंतर आली.

बाईंचा आणखी एक आग्रह होता. ज्याने बाळंतपण केलं त्याने मार्क द्यायचे नाहीत, दुसऱ्या कुणीतरी द्यायचे. सगळं छान झालं असं स्वतःला वाटणं साहजिकच असतं ना! हा नियम मला पुस्तकातून नाही, ठेच लागून कळला.

मी नवीन होते. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. रात्रीची शिफ्ट, बाळ ढिलं, रडणं कण्हल्यासारखं. मी पाच मोजले. बाळंतपण करणारे डॉक्टर टाके घालता घालता म्हणाले की आठ आहे, आठ लिही. माझं इंग्रजी अडखळणारं, नोकरी नवी. मी आठ लिहिले. पुढच्या नर्सने आठ वाचले आणि बाळ नेहमीसारखं आईजवळ राहिलं. तासाभराने त्याला धाप लागली आणि धावपळ झाली. काही दिवसांनी ते हसतखेळत घरी गेलं, देवाची कृपा. पण तो आठाचा आकडा माझ्या अक्षरातला होता. मी बाळाकडे बरोबर पाहिलं होतं, पण पाहिलेलं लिहायची हिंमत केली नव्हती. पेशंटची सुरक्षितता म्हणतात ती इथेच निसटते.

आता नवीन मुलींना मी आधी हेच सांगते. आपण मोजलेलाच आकडा लिहायचा. मतभेद असेल तर तो मोठ्याने बोलायचा, गरज पडली तर चार्ज नर्सला बोलवायचं. आणि आकड्यासाठी थांबायचं मात्र नाही, बाळ श्वास घेत नसेल तर मिनिट भरायच्या आतच मदत सुरू करायची. रंगाचा मुद्दा सगळ्यात कच्चा, हे खुद्द बाईंनीही लिहून ठेवलंय. आपल्या सावळ्या बाळांत गुलाबी रंग कुठे शोधणार? तिथे जीभ आणि ओठांच्या आतली बाजू बघायची.

बाईंचा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत दिसतो. सायक्लोप्रोपेन हा त्यांचा भुलेचा आवडता वायू. पण तो दिलेल्या आयांची बाळं मंद जन्मतात, असं त्यांच्याच सहकाऱ्यांच्या तपासण्यांत दिसल्यावर त्यांनी तो बाळंतपणात वापरणं सोडून दिलं. इतक्या वर्षांचा आपला अनुभव खोटा ठरतोय, हे कबूल करणं सोपं नसतं.

वयाच्या पन्नाशीत बाईंनी जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि पुढे मार्च ऑफ डाइम्समध्ये जन्मजात दोषांवर काम केलं. स्वभाव मिश्किल. व्हायोलिनसारखी वाद्यं स्वतः बनवत. हॉस्पिटलच्या टेलिफोन बूथमधल्या फळीचं लाकूड वाद्याला झकास आहे म्हणून एका मैत्रिणीबरोबर रात्री ती हळूच काढून तिथे दुसरी बसवली, हा किस्सा प्रसिद्ध आहे! 7 ऑगस्ट 1974 ला बाई गेल्या. 1994 मध्ये त्यांच्या चित्राचं 20 सेंटचं टपाल तिकीट निघालं.

वेस्टफील्डपासून थोड्याच मैलांवर, त्याच युनियन काउंटीत, रोझेल आहे. 1883 मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत आल्या त्या तिथल्याच कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. चौदाव्या वर्षी झालेलं आनंदीबाईंचं बाळ दहाच दिवस जगलं होतं, आणि त्या दुःखातूनच त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. या दोन गावांमधून गाडी नेताना मला दोघींची आठवण येते.

तेव्हा मंडळी, पुढच्या बारशाला ॲपगार किती ते जरूर विचारा. आणि तो आकडा मोजणाऱ्या नर्सचीही आठवण काढा. दिवाळीच्या रात्रीही कुठल्यातरी खोलीत ती घड्याळावर नजर ठेवून एका बाळाकडे पाहत उभी असेल. शुभ दीपावली!