ओल्नीचे कवी विल्यम कूपर

देवाने आपणास टाकून दिले आहे, असे सांगणारे एखादे बंधू वा भगिनी बहुतेक मंडळ्यांत भेटतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका बंधूंना आम्ही उपदेशक या नात्याने विश्वास वाढवा, प्रार्थना अधिक करा, असे ऐकवले. ते मुकाट्याने उठून गेले व पुन्हा आमच्याशी त्या विषयावर बोलले नाहीत. त्यानंतर विल्यम कूपर यांचे चरित्र आमच्या हाती आले. ते आधी वाचले असते तर आम्ही तोंड उघडण्याआधी थोडा विचार केला असता. (इंग्रजी अक्षरांवरून हे नाव काउपर असे वाचले जाते, उच्चार मात्र कूपर.)

त्यांचा जन्म १७३१ साली इंग्लंडातील बर्कमस्टेड गावी पाळकाच्या घरी झाला. सहा वर्षांचे असताना आई वारली. निवासी शाळेत एका मोठ्या मुलाने त्यांना इतके छळले की त्याच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य या बालकाला होत नसे. बुटांच्या बकलांवरूनच तो त्याला ओळखी. पुढे लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले, पण विशीतच खिन्नतेने मन व्यापले. १७६३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये नोंदवह्या सांभाळण्याची चांगली नोकरी चालून आली. तीसाठी सभागृहासमोर परीक्षा द्यावयाची होती. त्या धास्तीने बुद्धी ढळली व त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. तेव्हा आप्तांनी त्यांना सेंट ऑल्बन्स येथील डॉक्टर कॉटन यांच्याकडे ठेवले. डॉक्टर सहृदय व देवभीरू होते. तेथेच १७६४ साली रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील २५ वे वचन वाचताना कूपर यांना तारणाची खात्री पटली.

रविवारच्या शाळेत एक गोष्ट सांगतात. जीव देण्यासाठी कूपर घोडागाडीत बसले, धुक्यात गाडीवान वाट चुकला, गाडी परत त्यांच्याच दाराशी आली, आणि त्यांनी आत जाऊन देवाच्या गूढ मार्गांविषयीचे प्रसिद्ध गीत लिहिले. शिक्षकांनी ही गोष्ट जपून सांगावी. गाडीतून नदीकडे जाऊन परत आल्याचे कूपर यांनी स्वतः नमूद केले आहे, पण ते १७६३ सालचे. गीत त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी झाले. धुके व चुकलेला गाडीवान मागाहून जोडले गेले असावेत.

बरे झाल्यावर ते हंटिंग्डन येथे अन्विन नावाच्या पाळकाच्या कुटुंबात राहू लागले. १७६७ साली पाळक घोड्यावरून पडून वारले. त्यांची विधवा मेरी अन्विन व कूपर त्याच वर्षी ओल्नी गावी आले. लेस विणणाऱ्या गरीब लोकांचे हे गाव. पूर्वी गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजावर कप्तान असलेले जॉन न्यूटन येथे पाळक होते. प्रार्थनासभेसाठी दोघे मिळून गीते रचू लागले. १७७९ साली निघालेल्या 'ओल्नी गीतां'त ३४८ गीते असून त्यांतील सुमारे ६७ कूपर यांची आहेत. संग्रह मात्र दोघांनी बरोबरीने पुरा केला नाही. १७७३ च्या आरंभी कूपर पुन्हा कोसळले. देवाने आपला कायमचा त्याग केला असे त्यांना स्वप्नात कळले, आणि ही समजूत पुढे त्यांच्या मनातून कधीच पुरती गेली नाही. ते उपासनेला येईनासे झाले. त्यांची गीते लोक गात, ते स्वतः घरी बसत. न्यूटनच्या कडक धर्ममतांनी त्यांना वेडे केले असे काही चरित्रकार म्हणतात. ते आम्हास पटत नाही, कारण न्यूटनची गाठ पडण्यापूर्वीच हा आजार दोनदा येऊन गेला होता.

न्यूटननी त्यांना वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी सांभाळले. कूपर बागेत काम करू लागले. १७७४ च्या मे महिन्यात एके दिवशी कोंबड्यांना दाणे टाकताना कसल्याशा क्षुल्लक गोष्टीने त्यांना हसू आले. सोळा महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेले ते पहिलेच हसू, अशी नोंद न्यूटननी केली आहे. मग शेजाऱ्यांकडून सशाचे एक पिल्लू आले, पुढे तीन झाले. पस, टायनी आणि बेस ही त्यांची नावे. बायकी नाव असलेली बेसही नरच! सशांसाठी कूपर यांनी स्वतः खुराडी केली. सुतारकाम, चित्रे काढणे, काकड्या व खरबुजे लावणे, रोपांसाठी काचघर उभारणे, एकामागून एक उद्योग चालले. टायनी फार तापट होता, पस मात्र आजारात केलेली शुश्रूषा ओळखून हात चाटी.

परंतु आपल्या चुलत बहिणीला, लेडी हेस्केथ यांना, लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक बारीक भेद सांगितला आहे. हातकाम मनाला पुरेसे गुंतवून ठेवत नाही, पद्यरचना त्याला सगळे व्यापते, असा त्यांचा अनुभव. रंधा मारतानाही काळे विचार डोक्यात फिरू शकतात. योग्य शब्द व मात्रा शोधताना त्यांना जागा उरत नाही, असे आम्ही याचे कारण समजतो. हे मेरी अन्विन यांनी ओळखले होते. १७८० च्या हिवाळ्यात त्यांनीच कूपर यांना मोठ्या कवितेसाठी विषय सुचवला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते खरे कवी झाले. लेडी ऑस्टिन या मैत्रिणीने एका संध्याकाळी बेफाम घोड्यावरील जॉन गिल्पिनची गोष्ट सांगितली. रात्री कूपर हसत राहिले व त्यावर पोवाड्यासारखे विनोदी काव्य झाले. याच बाईंनी, विषय मागताच, सोफ्यावर लिहा असे सांगितले. त्या थट्टेतून 'द टास्क' हे सहा भागांचे काव्य १७८५ साली निघाले. पुढे त्यांनी गुलामगिरीविरुद्धही कविता लिहिल्या.

यातून आजार गेला असे मात्र कोणी समजू नये. १७८७ साली तो उलटला. सावरल्यावर होमरच्या दोन महाकाव्यांचे भाषांतर त्यांनी पुरे केले व ते १७९१ साली छापले गेले. त्याच वर्षाच्या शेवटी मेरी अन्विनना अर्धांगाचा झटका आला, मग दुसरा. जिने इतकी वर्षे सांभाळले तिची सेवा करता करता कूपर यांची लेखणी थांबली. १७९५ साली जॉन जॉन्सन या तरुण नातेवाइकाने दोघांनाही नॉरफोकला नेले; तेथे १७९६ च्या डिसेंबरात मेरी वारल्या.

जॉन्सन यांनी उपदेश केला नाही. होमरची पुस्तके त्यांनी कूपर यांच्या नजरेस पडतील अशी ठेवली. काही काळाने म्हाताऱ्याने पुस्तक उघडले, लेखणी घेतली आणि आपले जुने भाषांतर सुधारू लागले. ते काम १७९९ च्या मार्चमध्ये संपले. त्याच महिन्यात त्यांनी शेवटची मोठी इंग्रजी कविता लिहिली, जहाजावरून समुद्रात पडलेल्या व मागे राहिलेल्या खलाशावर. तिच्यात आशा नाही. तो खलाशी आपणच, असे त्यांना वाटत होते. तरी तिचे प्रत्येक कडवे मोजून-मापून बांधलेले आहे. २५ एप्रिल १८०० रोजी ईस्ट डीरहॅम येथे ते वारले. तेथील चर्चमध्ये त्यांना मेरी अन्विन यांच्याजवळ पुरले आहे.