मुलांच्या हाती वाद्य देणारे कार्ल ऑर्फ

कार्ल ऑर्फ यांचा जन्म १० जुलै १८९५ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरी झाला. १९२४ साली डोरोथी गुंथर यांच्यासह त्यांनी तेथे संगीत, नृत्य व व्यायामाची शाळा काढली. तिच्यासाठी लाकडी पट्ट्यांचे काष्ठतरंग मुद्दाम बनवून घेतले. १९४४ साली नाझी राजवटीने ती बंद पाडली. १९४५ साली बॉम्बहल्ल्यात इमारत जळाली.

१९४८ साली बव्हेरियाच्या रेडिओने मुलांसाठी संगीत मागितले, तेव्हा गुनिल्ड केटमन यांच्या साथीने ऑर्फ पुन्हा कामाला लागले. आधी शब्द, टाळी आणि पावलांचा ठेका, मग वाद्य. काष्ठतरंगाच्या नको त्या पट्ट्या काढून ठेवायच्या, म्हणजे नवखे मूलही सर्वांबरोबर सुरात वाजवते. कार्यक्रम ऐकून वाद्यांना मागणी येऊ लागली. १९६१ साली साल्झबर्ग येथे शिक्षकांसाठी संस्था सुरू झाली. २९ मार्च १९८२ रोजी ऑर्फ निवर्तले. आंडेख्स मठाच्या चर्चमध्ये ते चिरनिद्रा घेत आहेत.

मूल आधी बोलते, व्याकरण नंतर शिकते. संगीताचेही तसेच आहे, असे आम्हांला वाटते. गोड गळ्याची मुले निवडणे सोपे, उरलेल्यांचे काय? तुला सूर नाही, असे एखाद्या मुलाला सांगण्यापूर्वी ऑर्फ यांनी काढून ठेवलेल्या त्या पट्ट्या आपण आठवूया.