मातीतून मॅटवर गेलेले खाशाबा

काटोलहून नागपूरला कॉलेजसाठी अप-डाऊन करता? मग खाशाबा जाधव तुमच्यातलेच समजा. कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ला जन्म, कुस्ती लाल मातीतली. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये एकदम मॅटवर उतरावं लागलं, तरी सहावे आले! हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा ते शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. १९५२ला खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. खाशाबा पोलिसात राहिले, १९८४ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तुमच्या कॉलेजातल्या खेळाडूला मात्र आजच टाळ्या द्या.