संतश्रेष्ठ श्री नामदेव महाराज

गोकुळाचे नाव काढताच जसा बाळकृष्ण डोळ्यांपुढे उभा राहतो, तसे हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठच्या नरसीचे नाव घेताच देवाला जेवू घालणारा बाळ नामदेव आठवतो. परंपरेनुसार याच गावी शके ११९२, म्हणजे इ.स. १२७० मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी शिंपी व गोणाई यांच्या पोटी नामदेवांचा जन्म झाला.

त्यांचे बालपण पंढरीत गेले. एके दिवशी वडील घरी नसताना गोणाईने नैवेद्याचे ताट मुलाच्या हाती दिले. देवापुढे ठेवलेले ताट तसेच परत आणायचे असते, हे त्या भोळ्या जिवास ठाऊक नव्हते. देव उपाशी राहतो म्हणून त्याने रडून हट्ट धरला आणि विठ्ठल जेवला, अशी कथा घरोघरी सांगितली जाते.

पुढे संतमेळ्यात गोरोबाकाकांनी मडकी पारखावी तशी संतांची डोकी थापटण्याने पारखली, तेव्हा गुरू न केलेले नामदेव कच्चे ठरले. देवाच्या लाडक्याला हे फार लागले. पण अभिमान सोडून ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी ते पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंडी दिसू लागली. देव सर्वत्र आहे, ही खूण त्यांना पटली. औंढ्यालाच कीर्तनास समोर मज्जाव झाल्याने नामदेव देवळामागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी श्रद्धा आहे. तेथील नंदी आजही देवळाच्या मागील बाजूस आहे.

ज्ञानेश्वर महाराजांसोबत त्यांनी तीर्थयात्रा केली. श्रीकृष्णाच्या बाळलीला त्यांनी अभंगांत गाइल्या. इ.स. १२९६ मध्ये माउलींनी आळंदीस समाधी घेतल्यावर नामदेवांनी भागवत धर्माची पताका पंजाबात नेली. त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक असून २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा गेले. ज्या भक्ताला देवळात पाऊल टाकू दिले नव्हते, त्याच्या अस्थी नामदेवांनी शोधून आणल्या व पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. शके १२७२, म्हणजे इ.स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेव स्वतःही त्याच महाद्वारी समाधिस्थ झाले. संतांचे चरण लागावेत म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. ती नामदेव पायरी होय.

देव चराचरात आहे हे जाणूनही नामदेवांनी देऊळ सोडले नाही. फक्त त्याचे दार सर्वांसाठी मोकळे असावे एवढेच पाहिले. जीर्णोद्धारात कळसाकडे सर्वांची नजर जाते. ज्या पायरीवरून लहानथोर, सर्व जातींचे भाविक आत येतात, तिचे मोल नामदेवरायांनी दाखवून दिले. नव्या देवळाची पायरी अशीच सर्वांची राहो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.