रंग न दिसणारा कारखानदार

मागच्या सेमला वर्कशॉपमध्ये आम्हाला डव्हटेलचा जॉब होता. म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखी खाच, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. मी मिलिंग मशीनवर साठ अंशांचा डव्हटेल कटर लावला आणि सरळ अख्ख्या ब्लॉकमध्ये घातला. कटरने अक्षरशः मान टाकली!

सरांनी मग शांतपणे सांगितलं. आधी एंड मिलने सरळ खाच काढायची, जवळजवळ पूर्ण खोलीपर्यंत. डव्हटेल कटर फक्त कोपऱ्यांसाठी, एकेक बाजू, हळू फीडने. कटरचा कोन ड्रॉइंगमधला, उंची खाचेच्या खोलीपेक्षा जास्त, आणि मान मिळेल तेवढी जाड. दुसरा कटर नव्हता, म्हणून उरलेलं काम शेपरवर, टूल स्वतः घासून. मी कपाटातला जुना कार्बन स्टीलचा तुकडा उचलला आणि ग्राइंडरवर इतका दाबला की टोक निळं पडलं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, टूल वाया.

रात्री होस्टेलवरून सोयगावला आजोबांना फोन केला. मेकॅनिकल माझ्याने होणार नाही म्हणून रडले. आजोबांनी टूलबद्दल काही विचारलं नाही. गोठ्यातल्या कडबाकुट्टीवरून सुरू झाले ते लक्ष्मणराव किर्लोस्करांवर आले. नंतर मी लायब्ररीत जाऊन वाचलं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे दोनेक वर्षांनी कळलं की काही रंगांतला फरक त्यांना दिसतच नाही. आमच्या सोयगाव तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत, रंग बघायला जग येतं. त्यामुळे चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं काय असेल, ते मला जरा जास्तच लागलं.

त्यांनी रंग सोडले, रेघ नाही सोडली. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले. त्यात काळी शाई पुरते. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले आणि तिथल्या यंत्रांवर स्वतःचे हात काळे करून घेतले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथे भावांचं १८८८ पासूनचं सायकलचं दुकान होतं. तिथून कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. १९१० साली तिथे निवडुंग तोडून कारखाना आणि वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. मोठा पसारा नंतरचा. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली, तिने लेथ बनवले. आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या लेथवर तीच पाटी आहे. ती कंपनी बंद पडली, पण लेथचा क्रॉस स्लाइड अजून त्याच्या डव्हटेलवर घट्ट सरकतो. मी दोन वर्षं तो फिरवत होते, खाली काय आहे कधी वाकून बघितलं नव्हतं. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले.

एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. त्या काळी टूलला पाणी देताना तापवलेल्या पोलादावर चढणारा रंग बघूनच ठरवायचे. गवती पिवळा म्हणजे बरोबर, निळा म्हणजे गेलं. हे त्यांना कसं दिसत असेल? मला तर सगळे रंग दिसतात, तरी टोक जाळलं.

पुढच्या आठवड्यात हायस्पीड स्टीलचं टूल घासलं, शेपरचं हेड तीस अंश कलवलं आणि जॉब पुरा केला. खाचेत दोन रोलर ठेवून मापलं, पॉइंट एक मिलिमीटर ढिला. सरांनी सही दिली. कटरचे पैसे मात्र ब्रेकेजमध्ये लागले.