जेराल्ड आँजिअर: मुंबईत छपाई यंत्र आलं, पण फॉन्टच नव्हता!

जुन्या फोनवर मराठी मेसेज आला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे, आठवतंय? फोन चांगला, नेट चालू, फक्त देवनागरी फॉन्ट नाही. हाच प्रॉब्लेम मुंबईत साडेतीनशे वर्षांपूर्वी येऊन गेलाय. त्या वेळी मुंबईचा कारभार ज्याच्या हातात होता, त्या जेराल्ड आँजिअरची ही गोष्ट.

आँजिअरचा जन्म १६४० च्या सुमारास झाला. आजोबा फ्रान्सिस आँजिअर हे इंग्लंडमधून आयर्लंडला जाऊन तिथले बॅरन झालेले. पण त्या काळी उमरावाच्या घरात पदवी आणि जमीन मोठ्या मुलाकडे जायची. बाकीच्यांनी आपापलं बघायचं. जेराल्डने ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी धरली आणि १६६२ मध्ये सुरतेला उतरला. दोन वर्षांतच शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, म्हणजे पोस्टिंग काही आरामाचं नव्हतं.

१६६९ मध्ये त्याचा वरिष्ठ जॉर्ज ऑक्सिंडन वारला आणि आँजिअर सुरतेचा प्रेसिडेंट झाला. वय साधारण २९. मी याच वयात एका कोड रिव्ह्यूसाठी मॅनेजरच्या मागे फिरतोय, असो. या पदासोबत मुंबई बेटही त्याच्याकडे आलं. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मिळालेलं हे बेट त्याने १६६८ मध्ये वर्षाला फक्त १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं होतं.

इतकं स्वस्त का? कारण भरतीचं पाणी आत शिरायचं, दलदल होती, तापाने माणसं मरायची. शिवाय पूर्ण कोंडी. उत्तरेला साष्टी पोर्तुगीजांची, समोर कल्याण शिवाजी महाराजांचं. मुंबईहून कल्याणला जाणारी होडी ठाण्याच्या खाडीतून, म्हणजे आमच्या बाळकुम-कशेळीच्या बाजूने जायची, आणि ठाण्याला पोर्तुगीज तिच्याकडून जकात उकळायचे. आज कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की मला त्या होड्या आठवतात.

आता असं बेट चालवायचं कसं? नवीन ॲपसारखंच आहे हे. युजर नाहीत म्हणून व्यापार नाही, आणि व्यापार नाही म्हणून युजर येत नाहीत. आँजिअरने तटबंदीचं काम चालू ठेवलं, पण त्याची खरी मेहनत वेगळीकडे होती. बाहेरच्या व्यापाऱ्याला इथे यावंसं वाटलं पाहिजे. ऑगस्ट १६७२ मध्ये त्याने वाजतगाजत मिरवणूक काढून कोर्ट सुरू केलं. त्याच वर्षी टांकसाळ आली, चांदी, तांबं आणि कथलाची नाणी निघाली. जमीन कोणाची यावरून कंपनी आणि जुने जमीनदार भांडत होते. वर्षाला ठरावीक रक्कम घेऊन जमिनी त्यांच्याकडेच ठेवायचा करार त्याने केला. ज्या त्या समाजाचे आपसातले वाद त्यांच्या पंचायतीत सोडवायची मुभा दिली. दीवचा व्यापारी नीमा पारख मुंबईत यायला तयार झाला तेव्हा धर्म पाळायचं आणि आपल्या रीतीने अंत्यविधी करायचं स्वातंत्र्य त्याने लेखी मागून घेतलं. टर्म्स अँड कंडिशन्स वाचून ॲक्सेप्ट करणारा माणूस!

हे सगळं आँजिअर प्रेमापोटी करत नव्हता. त्याला कंपनीचा महसूल हवा होता, आणि तो कठोरही होता. १६७४ मध्ये सैनिकांनी बंड केलं तेव्हा एका कॉर्पोरलला गोळी घालण्यात आली. पण १६७३ मध्ये डचांचं आरमार मुंबईसमोर आलं तेव्हा तो पळाला नाही. गोरे सैनिक कमी पडत होते, म्हणून त्याने बेटावरच्या भंडारी लोकांनाही बचावासाठी उभं केलं. तयारी बघून डच हल्ला न करताच निघून गेले.

आता त्या फॉन्टकडे येऊ. कंपनीचा सुरतेचा दलाल भीमजी पारेख याला जुने हिंदू ग्रंथ छापायचे होते. १६७० मध्ये त्याने छपाईवाला मागितला. आँजिअरच्या कौन्सिलने ती मागणी लंडनला कळवली. लंडनच्या साहेबांना वाटलं, यातून आपल्या धर्माचा प्रसारही होईल. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, इंग्रजी खिळे आणि कागद घेऊन मुंबईत आला. पगार वर्षाला ५० पौंड.

हिल्सला छापता येत होतं, पण खिळे ओतता येत नव्हते. ही दोन वेगळी कामं आहेत. आधी पोलादावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, मग साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं. इंग्रजीत हे २६ अक्षरांसाठी, फार तर लहान-मोठी मिळून ५२. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरली तर आकडा शेकड्यांत जातो. भीमजीने स्वतःची माणसं लावून काही खिळे करून पाहिले, पण पुस्तक होईल इतके जमले नाहीत. लंडनकडे खिळे ओतणारा कारागीर मागितला. तो आला तोवर आँजिअर नव्हता, आणि ग्रंथ काही छापले गेले नाहीत. देवनागरी खिळ्यांनी मराठीचं व्याकरण छापलं गेलं ते १८०५ मध्ये, विल्यम कॅरीने, तेही पार बंगालमध्ये सेरामपूरला.

दरम्यान बेट भरत चाललं होतं. जॉन फ्रायर नावाच्या कंपनीच्या डॉक्टरने तिथली वस्ती १०,००० वरून ६०,००० झाल्याचा अंदाज लिहून ठेवलाय. आँजिअर मात्र थकला होता, तब्येत ढासळत होती. १६७५ मध्ये तो सुरतेला परतला आणि ३० जून १६७७ ला तिथेच वारला. वय जेमतेम ३७. त्याच वर्षी त्याचा मोठा भाऊ आयर्लंडमध्ये लाँगफर्डचा अर्ल झाला. डब्लिनमध्ये आँजिअर स्ट्रीट आजही आहे.

तो गेल्यावर लंडनने खर्चाला कात्री लावली, सैनिकांचे पगारही सोडले नाहीत. १६८३ च्या डिसेंबरमध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विनने बंड करून मुंबई कंपनीकडून हिसकावली आणि जवळजवळ वर्षभर स्वतःच चालवली.